श्रीगोंदा की पारनेर

माझ्यासारखा गाढव माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं वाचताना तुम्हाला माझा राग आला, तर निदान त्या एका गोष्टीवर आपलं एकमत राहील.

गोष्ट साधी आहे. माझ्या थोरल्या बहिणीला, आमच्या आक्काला, एक दिवस कुठंतरी फिरवून आणायचं होतं. दोन जागा होत्या. एक श्रीगोंद्याकडं, एक पारनेरकडं. दोन्ही खेड्यातल्या, शेतावरच्या, सकाळी निघालं की उन्हं चढायच्या आत पोचता येईल अशा. मी एक निवडली. दुसरी राहिली. आक्का आता नाही. असती तर म्हणाली असती, "सोड की बारक्या, काय घिऊन बसलास!" पण ती नाही, आणि मला सोडता येत नाही.

आम्ही पाथर्डीकडचे. मी नागापूरला एमआयडीसीत लेथवर लागलो, सावेडीला दोन खोल्या बांधल्या आणि नगरचा झालो. आता शहराचं नाव बदललं, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय. आक्का मात्र गावाकडंच राहिली. दिवाळीच्या तोंडावर तिचा निरोप आला की घास अडकतोय. मी म्हटलं, पित्त असेल. दाखवायला आणलं, तर एका तपासणीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, आणि शेवटी डॉक्टरांनी मला एकट्यालाच आत बोलावलं. अन्ननलिकेत गाठ होती, आणि ती पसरली होती.

"ऑपरेशन करून उपयोग नाही," ते म्हणाले. "त्यांना जे खावंसं वाटतंय ते आत्ता खाऊ घाला. महिनाभर घास जाईल, फार तर दीड महिना. पुढं पातळावर यावं लागेल, नंतर नळी."

बाहेर बाकावर आक्का पाय वर घेऊन बसली होती. "काय म्हनला डाक्टर?" तिनं विचारलं.

"काही नाही. गोळ्या दिल्यात."

"मग तुझं तोंड का उतरलंय?" मी रिक्षाला हात केला. तिनं परत विचारलं नाही. रिक्षात बसल्यावर माझ्या गुडघ्यावर हात ठेवला तो घर येईपर्यंत काढला नाही.

फिरायला न्यायची कल्पना माझ्या बायकोची. एक दिवस भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अहो, आक्का आयुष्यात कधी नुसत्या हिंडायला म्हणून कुठं गेल्यात का? कामाला, लग्नाला नाहीतर मयतीला. अजून चार घास खाता येतायत तोवर न्या त्यांना कुठंतरी." मला ते पटलं. एवढं खरंच पटलं की मी त्याच संध्याकाळी कारखान्यातल्या चार लोकांना विचारून मोबाईलवर दोन जागांचे फोटो मागवले.

पारनेरची जागा बघण्यासारखी अजिबात नव्हती. एका नवरा-बायकोचं जिरायती रान. उघडा माळ, बांधाला बोरी-बाभळी, ज्वारी छातीएवढी आलेली, एका बाभळीखाली चार बाजा टाकलेल्या आणि मध्ये हुरड्याची आगटी, म्हणजे गोवऱ्यांचा विस्तव केलेला खड्डा. हिवाळ्याच्या ऐन मोसमात ते हुरडा खाऊ घालायचे. बाकी काही नाही. संडाससुद्धा लांब. मी म्हटलं, आजारी माणसाला या माळावर नेऊन काय दाखवू, डोंबल? माळच तर ती जन्मभर बघत आलीय.

आणि श्रीगोंद्याची जागा! पाटाचं भरून वाहणारं पाणी, नारळाची झाडं, झोपाळा, गरम पाण्याची सोय असलेल्या खोल्या, गुऱ्हाळ, आणि चारी बाजूंनी उसाची हिरवीगार भिंत. फोटो बघितला आणि माझ्या अंगावर काटा आला. कारण ती जागा मी ओळखत होतो. कधी गेलो नव्हतो, पण सहाव्या वर्षापासून ओळखत होतो.

ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वडील लवकर गेले. मी सहा वर्षांचा असताना आक्काचं गावातल्या गावात लग्न झालं, ती पंधराची. त्याच वर्षापासून ती आणि दाजी ऊसतोडीला जायला लागले. तिकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला कुणी घेत नाही. दसरा-दिवाळी झाली की ती दोघं बैलगाडीत भांडीकुंडी घालून श्रीगोंद्याकडं जायची आणि पाडव्याच्या आसपास परत यायची. मी तिच्या गाडीमागं शिवेपर्यंत रडत पळायचो. मला आईपेक्षा तीच जास्त होती. लग्नाआधीचा एक हुरडा मला अंधुक आठवतो. आमच्याच वावरात ती आगटीपाशी बसलीय, गरम कणीस तळहातावर चोळतेय, फुंकर मारून कोंडा उडवतेय आणि दाणे माझ्या हातावर ठेवतेय, कारण मला चोळायला गेलं की भाजायचं.

पाडव्याला ती परत आली की फडक्यात बांधलेला गुळाचा खडा माझा आणि रात्रीपर्यंत गोष्टीही माझ्याच. तिकडं पाट हाय, बारा महिने पानी. ऊस घरापरीस उंच. बगळे येत्यात, पांढरेफेक, एका वक्ताला शंभर. तिकडं उन्हाळाच न्हाई, बारक्या. मी म्हणायचो, "आजून सांग." ती सांगायची. "मला ने की," म्हटलं तर म्हणायची, "मोठा झालास की निऊ." मी मोठा झालो, तिच्या कोयत्यावर शाळा शिकलो, आयटीआय केलं, पण ते जाणं राहूनच गेलं. तिला मूलबाळ झालं नाही, त्यामुळं तिचं जे काही होतं ते माझ्याकडंच आलं. तीन वर्षांपूर्वी दाजी गेले तेव्हा तिचा कोयता थांबला. चाळीस हिवाळे झाले होते.

म्हणून तो फोटो बघितल्यावर मला वाटलं, हेच. आता आक्काला तिथं पाहुणी म्हणून न्यायचं. पाटाच्या कडेला खुर्चीत बसवायचं, तिच्या हातात उसाच्या रसाचा ग्लास द्यायचा. चाळीस वर्षं जिथं राबली तिथं आता एक दिवस राज्य कर म्हणायचं. वा रे माझी अक्कल! आणि खरं सांगायचं तर मलाच बघायचा होता तो मुलूख. सहा वर्षांचा होतो तेव्हापासून बघायचा होता.

विचारलं नाही असं नाही. विचारलं. कामावर निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता तिच्यासमोर मोबाईल धरला. आधी पारनेरचा फोटो दाखवला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत होती.

"ही आगटी हाय व्हय?"

"हो. तिथं हुरडा देतात."

"बरं हाय," ती म्हणाली. मोबाईल परत देईना. मीच तो तिच्या हातातून घेतला आणि घाईघाईनं दुसरा फोटो लावला. "आणि हे बघ! श्रीगोंदा! तू सांगायचीस ना, तोच पाट!"

तिनं फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुला कुठलं आवाडलं?"

"हेच."

"मग तितंच जाऊ."

बायको स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. दारापर्यंत येऊन हळूच म्हणाली, "परत एकदा विचारा की. आपल्यात पहिल्या विचारण्याला कोण खरं सांगतं?" अगदी बरोबर बोलली. आमच्याकडं दारात आलेल्या पाहुण्याला चहा विचारला तर तो छातीवर हात ठेवून सांगतो, नको, आत्ताच झाला. दुसऱ्यांदा विचारलं की म्हणतो, कशाला उगाच. तिसऱ्यांदा विचारलं की मग खरं काय ते कळतं. परक्या माणसाला मी तीन तीनदा विचारतो. सख्ख्या बहिणीला एकदा विचारलं आणि पहिल्या पाळीला पळालो.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही तिघं भाड्याची गाडी करून निघालो. आक्कानं बायकोची हिरवी साडी नेसली होती. घोगरगाव मागं पडलं आणि ऊस सुरू झाला. उसानं भरलेले ट्रॅक्टर पुढं लागत होते, एकामागं दोन दोन ट्रॉल्या जोडलेले, आणि आमचा ड्रायव्हर वैतागत होता. आक्का खिडकीला डोकं टेकून होती. "दमली का?" मी विचारलं. "न्हाई. बघतीय," ती म्हणाली. मला वाटलं, जुन्या आठवणीत रमलीय. मी तर असा खुशीत होतो की गाणं म्हणायचंच काय ते बाकी होतं.

जागा फोटोसारखीच होती, त्यात फसवाफसवी काही नाही. मालक तिशीतला, शिकलेला, गोड बोलणारा. आल्या आल्या गूळपाणी दिलं. खोली दाखवली. आक्कानं मऊ गादीवर हात फिरवून बघितला आणि खाली फरशीवर बसली. आणखी दोन कुटुंबं पुण्याहून आलेली होती, त्यांची मुलं झोपाळ्यावर. अकराच्या सुमाराला मालकानं सगळ्यांना हाका मारून बाहेर बोलावलं. "चला, आता ऊसतोडीचा अनुभव!"

उसाच्या कडेला एक सरी त्यासाठीच राखली होती. लाल मुठीचे चार नवे कोयते ठेवलेले. पुण्याच्या लोकांनी एकेक ऊस तोडला, म्हणजे दहा दहा घाव घालून पाडला, फोटो काढले, हसले. मग मालक आमच्याकडं वळला. त्या बिचाऱ्याला काय माहीत! "आजी, तुम्ही पण एक तोडून बघा. सोपं असतं. मूठ अशी धरायची," म्हणाला, आणि त्यानं कोयता आक्काच्या हातात दिला.

मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. उलट माझ्या मनात काय आलं सांगू? आता बघा म्हणावं, आमची आक्का काय चीज आहे. तिला मिरवायची हौस मला.

आक्कानं अंगठा धारेवरून फिरवला. "धार न्हाई हिला," म्हणाली. मग पदर खोचला आणि वाकली. एक घाव अगदी बुडख्यातून, जमिनीला लागून. कोयत्याच्या पाठीनं पाचट खाली ओढलं, शेंड्याचं वाढं उडवलं, ऊस बाजूला टाकला. दुसरा. तिसरा. लोक टाळ्या वाजवायला लागले, कुणीतरी व्हिडिओ काढत होतं. चौथा, पाचवा. ती थांबेना. तिला थांबायचं ठाऊकच नव्हतं. सातव्या-आठव्या उसाला तिला धाप लागली, गळ्याची शीर तट्ट फुगली. ती कमरेवर हात ठेवून अर्धी उठली आणि त्या तिशीतल्या पोराकडं न बघता, मान खाली घालून विचारलं, "बास का आजून?"

मालक हसत म्हणाला, "आजी, एक नंबर!" सगळे हसले. मी नाही हसलो. तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता. आमची आक्का, जी सासरच्या चुलत्यांना उभ्या उभ्या सुनावायची, ती कुणाला असं विचारते हे मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं रोज मुकादमाला तिनं हेच विचारलं असणार. मी पुढं होऊन तिच्या हातातून कोयता काढून घेतला. मूठ घट्ट होती, बोटं एकेक करून सोडवावी लागली.

जेवणात पुरणपोळी होती. तिनं चार घास दुधात कालवून खाल्ले. बायको भांड्याला भांडं लागू न देता गुपचूप जेवली, माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. दुपारी आक्काला घेऊन मी पाटाच्या कडेला बसलो. तिनं खुर्ची वळवून घेतली होती. पाण्याकडं तोंड, उसाकडं पाठ.

"आक्का," मी म्हटलं, "तू सांगायचीस ते... हे असंच होतं का?"

"काय आसंच?"

"पाट. पाणी. उन्हाळा नाही."

ती जरा हसली. "आरं, तू शिवंपातूर रडत यायचास. तुला काय सांगू? पाय फुटले ते सांगू, का पाचटानं तोंड कापलं ते? पाट हुता. लांबून दिसायचा. आमी पार तिकडं, पाचटाच्या कोपीत. आंघुळीचं पानी सुदा मैलभरनं." मग मला बरं वाटावं म्हणून, "बगळे खरे हुते," म्हणाली.

मला रडू कोसळलं. पन्नाशीचा बाप्या पाटाच्या कडेला हमसून हमसून रडतोय, आणि ती आजारी बाई त्याच्या पाठीवरून हात फिरवतेय! "मग मला तोंड फोडून सांगायचंस तरी," मी म्हटलं. "पारनेरला गेलो असतो."

"तू लई खूश हुतास."

"तुला तिथं जायचं होतं?"

"लगीन झाल्यापून हुरडा न्हाई खाल्ला बघ," म्हणाली. "हुरडा यायचा तवा आमी उसाच्या फडात. परत यायचो तवा ज्वारी काढून कडब्याची गंज लागल्याली. ह्या तीन वरसात घरी हुते, तर आपल्याकडं ज्वारी पेरतंय कोन? समदा कापूस." एवढंच. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितल्यासारखं.

चाळीस वर्षं. आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं मी नगरात राहून दर डिसेंबरात कारखान्यातल्या मित्रांबरोबर हुरडा खाऊन येत होतो. गूळभेंडी ज्वारीचा हुरडा, वर दही, लसणाची चटणी. दर वर्षी. तिला कधी मिळत नसेल हे एकदाही डोक्यात आलं नाही. हिशेब काही अवघड नव्हता, ती कधी जाते आणि कधी येते हे मला पाठ होतं.

"पुढच्या रविवारी पारनेर," मी म्हटलं. "शपथ घेतो."

"जाऊ की," ती म्हणाली.

तीनच दिवसांनी, बुधवारी, पाणीसुद्धा उलटून आलं. दवाखान्यात चार दिवस काढले. घरी आणली तेव्हा नाकातून नळी होती आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, तोंडानं आता काही नाही. मी हिशेब घालत बसलो. महिनाभर म्हणाले होते. महिना झालाच होता. तो एक रविवार माझ्या हातात होता आणि तो मी श्रीगोंद्याला घालवला.

तरीही पारनेरच्या त्या जागी फोन लावला. बाई बोलल्या, "दादा, आमची आगाप पेरनी हुती. हुरडा संपत आला आता. यायचं तर उद्याच या, परवा न्हाई." दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटली तसा मी तेलकट कपड्यांवरच मोटारसायकल काढली. बाई कमरेत वाकून सगळं रान फिरल्या, त्यातल्या त्यात हिरवी बघून ओंजळभर कणसं काढून दिली. कुणासाठी ते मी सांगितलं होतं. आगटीसाठी ठेवलेल्या चार गोवऱ्याही त्यांनी पिशवीत घातल्या.

उन्हं उतरायच्या आत घरी आलो. अंगणात घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या, विस्तव झाल्यावर कणसं घातली. धूर झाला, शेजारीपाजारी डोकावले. बायकोनं आक्काला धरून उंबऱ्यात आणून बसवलं, अंगावर शाल घातली. भाजल्या ज्वारीचा वास सुटला तसे तिनं डोळे मिटले. नळी होती, तरी वास येत असावा. मला तसं वाटतं.

मी एक कणीस उचललं आणि तळहातावर चोळायला गेलो. असं भाजलं की हातातून सुटून खालीच पडलं.

"दे हिकडं," आक्का म्हणाली. आवाज पार खोल गेला होता. "पन्नाशी आली तरी याला चोळाय येईना."

"आक्का, राहू दे, भाजेल."

"माझ्या हाताला काय भाजतंय आता." तिनं कणीस घेतलं. कोयत्यानं घट्टे पडलेले ते तळहात, त्यांवर कणीस गरागरा फिरलं. दाणे सुटले. फुंकर मारायला तिच्यात जोर नव्हता. बायकोनं मारली, कोंडा उडाला. आक्कानं एक दाणा अंगठ्यानं दाबून बघितला. मग सगळे दाणे माझ्या हातावर ओतले.

"खा."

"तू..."

"मी काय खाती? तू खा. मी बघती."

मी तोंडात टाकले. दाणा निबर झाला होता. दूध पार आटलेलं. दाताखाली पीठ लागत होतं, गोडी कुठंच नव्हती. आठ दिवस आधी आलो असतो तर, एवढं एकच डोक्यात फिरत होतं.

"कसा हाय?" तिनं विचारलं.

"साखर हाय, आक्का," मी म्हटलं. "नुसती साखर. कवळा लुसलुशीत. दूध निघतंय दाण्यातनं."

ती माझ्याकडं बघत राहिली. ते दाणे तिच्याच बोटांतून आले होते. कवळा दाणा कसा दबतो आणि निबर कसा, हे त्या बोटांना मी सांगायची गरज नव्हती.

"आसंल," ती म्हणाली. तिनं घमेल्यातलं दुसरं कणीस उचलून हातावर घेतलं आणि शाल सावरून उंबऱ्याला टेकून बसली.

"आजून सांग," म्हणाली.